उपचारानंतरचा काळ : कर्करोगातून वाचलेल्यांच्या मनःस्वास्थ्याच्या विचाराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

वैद्यकाचा इतिहास लिहिताना रोग, औषध आणि वैद्य या तिघांचा परामर्श बहुधा घेतला जातो. रुग्णाकडे त्यामानाने कमी लक्ष जाते, आणि रोगातून उठलेल्या माणसाकडे तर जवळजवळ जातच नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. रुग्णालयाची नोंदवही रुग्ण दाखल झाला त्या दिवशी सुरू होते व तो घरी गेला की मिटते. त्यापुढील त्याच्या आयुष्याची वार्ता त्या वहीत असलीच, तर ‘हयात’ किंवा ‘मृत’ अशा एका शब्दापुरती असते. मराठीत अशा माणसाविषयी ‘तो दुखण्यातून उठला’ असे आपण म्हणतो. या वाक्प्रयोगात दुखणे मागे पडले आणि माणूस पूर्ववत् कामाला लागला, असे दोन्ही अर्थ गृहीत धरलेले असतात. कर्करोगाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते टिकत नाहीत. रोग गेला तरी तो परत येईल ही धास्ती जात नाही; आणि पूर्ववत् होण्यासारखे शरीर, घर व उद्योग पुष्कळदा शिल्लक राहिलेले नसतात.

उपचार संपल्यानंतर अशा व्यक्तीच्या मनाची जी अवस्था होते, ती वैद्यकाच्या विचारात केव्हा व कोणत्या मार्गाने आली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. विवेचन मुख्यत्वे अमेरिकेतील घडामोडींचे आहे, कारण या विषयाची संस्थात्मक मांडणी प्रथम तेथे झाली. शेवटी मुंबईतील कार्याचा थोडक्यात विचार केला आहे. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते, असे आम्हांस वाटते. वाचलेल्या माणसाच्या मनाला आधार देण्याची आवश्यकता वैद्यकाने दीर्घकाळ दुसऱ्या कोणत्या तरी प्रयोजनाच्या आडोशाने मान्य केली. कधी ते प्रयोजन शरीराची हालचाल पूर्ववत् करण्याचे होते, कधी रूप झाकण्याचे, तर कधी आयुष्य लांबविण्याचे. मनःस्वास्थ्य हेच स्वतंत्र प्रयोजन आहे, हे मान्य होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

२. दोन कागद : १८१२ आणि १८९४

आरंभी परस्परांपासून सुमारे ऐंशी वर्षांच्या अंतरावर असलेले दोन कागद शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. पहिला कागद म्हणजे इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिने आपली बहीण एस्थर हिला पॅरिसहून लिहिलेले पत्र. ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यवैद्य लारे याने तिच्या उजव्या स्तनावर शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या अद्याप अवगत नव्हती. किंचित मद्यमिश्रित पेयाखेरीज तिला काही दिलेले नव्हते. तिचा विकार कर्करोगच होता की काय, हे आजच्या कसोट्यांवर पडताळता येत नाही. परंतु तिचे वैद्य व ती स्वतः तो कर्करोगच मानीत होती. या शस्त्रक्रियेचे अंगावर काटा आणणारे वर्णन म्हणून हे पत्र प्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील दुसरी एक माहिती अधिक मोलाची आहे. ते पत्र शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा महिन्यांनी, १८१२ च्या मार्चमध्ये, सुरू झाले व पूर्ण होण्यास आणखी काही महिने लागले. त्या प्रसंगाविषयी बोलणे किंवा विचार करणे आपल्याला कित्येक महिने अशक्य झाले होते, लिहिताना अजूनही डोके दुखू लागते आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचा धीर होत नाही, असे ती त्यात नमूद करते. शरीराची जखम भरून आल्यानंतरही मनाची जखम उघडी राहते, याची याहून स्पष्ट नोंद त्या काळात क्वचितच आढळेल.

दुसरा कागद विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यवैद्याचा. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात केलेल्या पन्नास स्तनशस्त्रक्रियांचे निष्कर्ष त्याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही काढून टाकणारी त्याची समूळ स्तनोच्छेदनाची पद्धती पुढे पाऊणशे वर्षे प्रमाण मानली गेली. शस्त्रक्रिया केलेल्या जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण तिने पुष्कळ घटविले, ही तिची कामगिरी नाकारता येणार नाही. परंतु या शस्त्रक्रियेने हातास येणाऱ्या पंगुत्वाची चर्चा करताना हॉल्स्टेडने जे मत दिले ते विचारार्ह आहे. जीव वाचत असता पंगुत्वाला महत्त्व देण्याचे कारण नाही, हा त्याचा पहिला मुद्दा. आणि या स्त्रियांचे सरासरी वय पंचावन्नच्या घरात असल्यामुळे समाजात त्या फारशा कार्यरत उरलेल्या नसतात, हा दुसरा.

पहिल्या मुद्द्यातील तरतमभाव समजू शकतो. दुसऱ्या मुद्द्याला मात्र पहिला कागदच उत्तर देतो. शस्त्रक्रियेच्या वेळी फॅनी बर्नीचे वय एकोणसाठ वर्षांचे होते. त्यानंतर तिने १८१४ मध्ये ‘द वाँडरर’ ही कादंबरी व १८३२ मध्ये आपल्या पित्याचे चरित्र प्रसिद्ध केले. तिचा मृत्यू १८४० मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी झाला. शस्त्रक्रियेनंतरचे तिचे आयुष्य अठ्ठावीस वर्षांचे आहे. हॉल्स्टेडच्या कोष्टकात या अठ्ठावीस वर्षांना ‘पुनरुद्भव नाही’ एवढेच स्थान मिळाले असते. येथे हॉल्स्टेडच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कोष्टकात जो रकाना नसतो त्याखाली काही लिहिले जात नाही, एवढाच मुद्दा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाच वर्षे जिवंत राहणे ही उपचाराच्या यशाची कसोटी म्हणून रूढ झाली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती अत्यंत उपयुक्त ठरली. पण त्या पाच वर्षांत माणूस कसा जगला, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता.

३. पहिले अन्वेषण आणि पहिला स्वयंसेवी प्रयत्न

हा प्रश्न पद्धतशीरपणे प्रथम विचारला गेला तो न्यू यॉर्क येथील मेमोरियल रुग्णालयात. तेथे आर्थर सदरलँड व त्याचे सहकारी यांनी १९५० नंतर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. आतड्याच्या कर्करोगात मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून देतात. अशा रुग्णांविषयीचा त्यांचा लेख १९५२ मध्ये आणि स्तनोच्छेदन झालेल्या स्त्रियांविषयीचा, मॉर्टन बार्ड याच्यासमवेत लिहिलेला लेख १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पूर्ण यशस्वी ठरलेली माणसे घरी गेल्यावर कशी राहतात, याचे चित्र या लेखांनी प्रथमच पुढे आणले. आतडे धुण्याच्या क्रियेत कित्येकांचे दिवसाचे तासन् तास जात. दुर्गंधीच्या भयाने ते लोकांत मिसळणे टाळीत. नोकरी, प्रवास व वैवाहिक संबंध आक्रसत जात. वैद्याने ज्यांना ‘बरे’ म्हणून घरी धाडले ते वस्तुतः घरात कोंडले गेले होते.

याच सुमारास त्याच शहरात दुसऱ्या दिशेने एक प्रयत्न सुरू झाला. टेरीस लॅसर या स्त्रीवर १९५२ मध्ये समूळ स्तनोच्छेदनाची शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा वर कसा उचलावा, कपडे कसे घालावेत, पतीशी व मुलांशी काय बोलावे, यांपैकी एकाही गोष्टीविषयी तिला कोणी काही सांगितले नाही. तेव्हा तिने स्वतःच रुग्णालयांत जाऊन नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटण्यास आरंभ केला. व्यायामासाठी दोरी व चेंडू, तात्पुरता कृत्रिम स्तन आणि स्वतःचा धडधाकट देह एवढीच तिची सामग्री होती. तिच्या या उपक्रमास ‘रीच टू रिकव्हरी’ असे नाव पडले. अनेक शल्यवैद्यांना ही लुडबूड रुचली नाही. तथापि उपक्रम वाढत गेला आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्या कार्यात समाविष्ट केला. स्वरयंत्र काढलेल्यांचा आंतरराष्ट्रीय संघ १९५२ मध्ये आणि पोटावर आतड्याचे तोंड असलेल्यांची अमेरिकेतील मध्यवर्ती संघटना १९६२ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या मुळाशीही हेच तत्त्व होते : ज्याला तो अनुभव आला आहे त्यानेच नवख्याला हात द्यावा.

या चळवळीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. संस्थेच्या नियमांनुसार भेटीस जाणाऱ्या स्वयंसेविकेने उपचारांच्या वैद्यकीय बाजूविषयी भाष्य करावयाचे नव्हते, आणि तिच्या बोलण्याचा सर्व भर पूर्वीसारखे दिसण्यावर व वागण्यावर असे. अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड हिने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात याच मर्मावर बोट ठेवले आहे. शस्त्रक्रियेनंतर भेटीस आलेल्या बाईने तिला कृत्रिम स्तन दिला आणि बाहेरून काही कळणार नाही असे आश्वासन दिले. लॉर्डचा आक्षेप त्या बाईच्या सद्भावाविषयी नव्हता. आपले दुःख व मृत्यूचे भय यांविषयी बोलण्यापूर्वीच ती झाकण्याची साधने हाती दिली जातात, आणि त्यामुळे अशा स्त्रिया एकमेकींना ओळखू शकत नाहीत व एकाकी राहतात, असे तिचे म्हणणे होते. आधार देण्याचे प्रयोजन जर रूप झाकणे हे असेल, तर आधारच मौनाचे साधन बनतो, हा तिच्या विवेचनाचा निष्कर्ष आजही विचारात घ्यावा लागतो.

४. मौनाचा भंग

आपल्याला कोणता रोग झाला होता हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या रोगानंतरच्या मनःस्थितीविषयी बोलता येणे शक्य नाही. म्हणून या इतिहासात निदान सांगण्याच्या प्रथेत झालेला बदल निर्णायक मानला पाहिजे. डोनाल्ड ओकेन याने शिकागो येथील एका रुग्णालयातील २१९ वैद्यांची पाहणी करून १९६१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९० टक्के वैद्यांचा कल रुग्णास कर्करोग असल्याचे न सांगण्याकडे होता. आपले धोरण अनुभवावर आधारलेले आहे असे बहुतेकांचे म्हणणे होते. परंतु सांगून पाहण्याचा प्रयत्न त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी केलेला होता, आणि त्यांच्या मताचे मूळ बहुशः त्यांच्या स्वतःच्याच भावनांत होते, असे ओकेनला आढळले. पुढे रॉचेस्टर येथील विद्यापीठाच्या रुग्णालयातील वैद्यांना तीच प्रश्नावली देण्यात आली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९७ टक्के वैद्यांनी सांगण्याच्या बाजूने कौल दिला.

अठरा वर्षांत झालेल्या या पालटास अनेक कारणे होती. बालकांचा रक्ताचा कर्करोग व हॉजकिनचा रोग यांवर रासायनिक औषधे व किरणोपचार गुणकारी ठरू लागले होते, त्यामुळे निदान म्हणजे मृत्युदंड असे समीकरण उरले नाही. रुग्णाची संमती ही माहितीपूर्वक असली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयांनी व संशोधनाच्या नियमांनी दृढ केले होते. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नीने आपल्या स्तनाच्या कर्करोगाविषयी उघडपणे सांगितले, तेव्हा घरोघरी त्या रोगाचा उच्चार होऊ लागला. सुझन सॉन्टॅग हिने १९७८ मध्ये आपल्या ग्रंथात कर्करोगाभोवती जमलेल्या लज्जास्पद अर्थांची चिकित्सा केली. रोगाचे नाव उच्चारता येऊ लागल्यावरच त्याच्या नंतरच्या काळाचे नाव शोधणे शक्य झाले.

दरम्यान बालपणी बरे झालेल्यांची एक पिढी तारुण्यात आली होती. जेराल्ड कूचर व जॉन ओमॅली यांनी बोस्टन येथे अशा तरुणांचा अभ्यास करून १९८१ मध्ये ‘द डॅमोक्लीस सिंड्रोम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीक कथेतील डॅमोक्लीसच्या मस्तकावर एका केसाने टांगलेली तलवार असते आणि तिच्याखाली बसून त्याला मेजवानी घ्यावयाची असते. बरे झालेल्याच्या मनःस्थितीचे वर्णन करण्यास लेखकांना याहून समर्पक दृष्टान्त सापडला नाही.

५. एका रुग्ण-वैद्याचा निबंध आणि त्याचे परिणाम

या सर्व धाग्यांना एका संकल्पनेत गुंफण्याचे श्रेय फिट्झह्यू मलन या बालरोगतज्ज्ञाकडे जाते. १९७५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, स्वतःच्या छातीच्या क्ष-किरणचित्रात त्याला अर्बुद आढळले. दीर्घ व कष्टप्रद उपचारांनंतर तो वाचला. अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या साप्ताहिकात जुलै १९८५ मध्ये त्याने लिहिलेल्या छोट्या निबंधात या अनुभवाचे ‘ऋतू’ कल्पिले आहेत. निदान व उपचार यांचा पहिला ऋतू तीव्र संघर्षाचा. उपचार थांबल्यानंतरचा दुसरा ऋतू प्रतीक्षेचा. यात भय हेच प्रमुख असते, शरीर थकलेले असते, आणि रुग्णालयाचा नित्याचा आधार मात्र तुटलेला असतो. तिसरा ऋतू स्थैर्याचा. रोग परतण्याचा संभव क्षीण होतो, परंतु नोकरी, विमा, अपत्यप्राप्ती व उपचारांचे दूरगामी परिणाम यांचे प्रश्न उरतात. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याच्या युक्त्या वैद्यकाने सिद्ध केल्या, पण बाहेर काढलेल्याला धक्क्यावर तसेच टाकून ते निघून जाते, अशा आशयाची त्याची उपमा पुढे सर्वतोमुखी झाली.

मलनच्या विभागणीतील दुसरा ऋतू हा त्याचा खरा शोध होय. उपचार संपण्याचा दिवस आनंदाचा असावा, अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकांना त्याच दिवसापासून निराधार वाटू लागते. उपचार चालू असताना रोगाविरुद्ध काही तरी केले जात असते. ते थांबले की केवळ वाट पाहणे उरते. घरच्या मंडळींना वाटते, संकट टळले. रुग्णाला वाटते, पहारा उठला. या दोन समजुतींतील अंतर हेच त्याच्या एकाकीपणाचे मूळ असते, आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत ते कधीच उमटत नाही.

या निबंधानंतर सुमारे सव्वा वर्षाने, ऑक्टोबर १९८६ मध्ये, आल्बुकर्क येथे कर्करोगातून वाचलेल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. निदानाच्या क्षणापासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत माणूस ‘वाचलेला’च असतो, अशी व्याख्या तिने केली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत या विषयाचे स्वतंत्र कार्यालय उघडले. मेमोरियल रुग्णालयात जिमी हॉलंड हिने १९७७ पासून उभारलेल्या मानसोपचार विभागातून कर्करोगविषयक मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा विकसित झाली. तिची आंतरराष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये निघाली. तथापि ‘वाचलेला’ ही संज्ञा सर्वांनाच मान्य झाली असे नव्हे. तिच्यात विजयाचा अभिनिवेश आहे आणि जे वाचले नाहीत त्यांच्यावर नकळत न्यूनता येते, असे आक्षेप घेतले गेले. बार्बरा एरनराइक हिने २००१ मध्ये स्तनाच्या कर्करोगाभोवती वाढलेल्या सक्तीच्या प्रसन्नतेवर कठोर टीका केली. भयभीत माणसाला उल्हसित राहण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या दुःखात अपराधाची भर घालणे, हे तिच्या टीकेचे सार म्हणता येईल.

६. प्रयोजनाचा प्रश्न

मनाला दिलेला आधार कशासाठी, या प्रश्नाचा निर्णय दोन प्रयोगांच्या इतिहासात पाहावयास मिळतो. हे प्रयोग शरीरात रोग पसरलेल्या स्त्रियांविषयीचे आहेत, उपचार संपलेल्यांविषयीचे नव्हेत. परंतु त्यांतून निघालेला सिद्धान्त दोघांनाही लागू पडतो. डेव्हिड स्पीगेल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ८६ स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया दर आठवड्यास एकत्र बसून आपले भय व दुःख बोलून दाखवीत, त्या सरासरीने इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असे त्यात आढळले होते. या वार्तेने मोठी आशा निर्माण झाली व मानसिक आधाराला एकाएकी प्रतिष्ठा आली. मात्र कॅनडातील पामेला गुडविन आदींनी २३५ स्त्रियांवर केलेल्या अधिक मोठ्या प्रयोगात आयुर्मर्यादा वाढल्याचे दिसले नाही. हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याच अहवालात असेही नमूद आहे की, अशा बैठकींमुळे मनाची अवस्था सुधारली व वेदना कमी जाणवली, आणि ज्या स्त्रिया आरंभी अधिक व्यथित होत्या त्यांना अधिक लाभ झाला.

या दोन अहवालांमधील अंतर केवळ संख्याशास्त्रीय नाही. आधाराची किंमत जर त्याने वाढविलेल्या महिन्यांत मोजावयाची, तर १९८९ मध्ये तो आवश्यक आणि २००१ मध्ये निरुपयोगी ठरतो. शिवाय आयुष्य मनोधैर्यावर अवलंबून आहे असे मानल्यास, ज्याचा रोग परत उलटला त्याचे मन दुबळे होते, असा निर्घृण निष्कर्षही पत्करावा लागतो. दुःखाचा परिहार हेच प्रयोजन मानले की हा सर्व पेच सुटतो. यानंतरचे संशोधन बहुधा याच मार्गाने गेले आहे. ऑस्ट्रेलियात २२२ व्यक्तींवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोग परतण्याचे भय हाच उपचाराचा विषय होता. ते भय निर्मूळ करण्याची प्रतिज्ञा तेथे नव्हती. चिंतेकडे किती लक्ष द्यावे व आयुष्यात आपल्याला मोलाचे काय वाटते, याचा विचार सहभागी व्यक्तींना शिकविला गेला, आणि केवळ शिथिलीकरण शिकलेल्यांच्या तुलनेने त्यांचे भय अधिक कमी झाले. मात्र सर्व भय मनातच उगवते असे नव्हे. कर्ज किंवा विमा मागताना जुन्या रोगाची कबुली द्यावी लागत असेल, तर समाजच त्या माणसाला विसरू देत नाही. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने उपचारानंतर दहा वर्षांनी, व २०२२ मध्ये ही मुदत घटवून पाच वर्षांनी, अशा प्रसंगी तो रोग न सांगण्याचा हक्क दिला. मनःस्वास्थ्याचे एक साधन कायद्यातही असते, हे यावरून दिसते.

७. मुंबईतील कार्य

आपल्याकडे या विषयाचे केंद्र साहजिकच मुंबई हे राहिले. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिनेच १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी आरंभली. किती जणांना रोग होतो, हे त्या नोंदणीने सांगितले. बरे झालेल्यांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेण्याचा महत्त्वाचा उपक्रम म्हणजे टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ मध्ये सुरू झालेला, उपचार पूर्ण केलेल्या बालकांसाठीचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग होय. तेथे शरीराच्या तपासणीबरोबरच शिक्षण, मन व भवितव्य यांचाही विचार होऊ लागला. बालपणी या रोगातून वाचून मोठ्या झालेल्यांचा ‘उगम’ हा गट २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने निघाला. टेरीस लॅसरच्या प्रयत्नाशी त्याचे तत्त्व जुळते, हे सांगणे नलगे.

तथापि अमेरिकेतील मांडणी येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. आपल्याकडे रोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याचा आग्रह आजही पुष्कळदा कुटुंबच धरते. रोग स्त्रीला झाला असेल तर लेकीबाळींच्या लग्नाची काळजी त्यामागे असते. परळला उपचारासाठी येणारा रुग्ण शेकडो कोसांवरून येतो, काही महिने शहरात कसाबसा राहतो व गावी परततो. मलनने वर्णिलेला दुसरा ऋतू तो अशा ठिकाणी काढतो की जेथे त्याच्या रोगाविषयी बोलणारे दुसरे कोणी नसते, आणि पुनर्तपासणीस येण्याचा खर्चही झेपत नाही. नातेवाइकांचा गोतावळा हे आपल्या समाजाचे बळ खरे. परंतु जो गोतावळा सेवा करतो तोच मौनही पाळावयास लावतो, ही त्याची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही.

८. उपसंहार

येथवरच्या विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. कर्करोगानंतरच्या काळाची संकल्पना प्रयोगशाळेत सिद्ध झाली नाही. ती पत्रांतून, मुलाखतींतून, एका रुग्णाने दुसऱ्या रुग्णाला दिलेल्या भेटींतून आणि रुग्ण झालेल्या एका वैद्याच्या निबंधातून क्रमाक्रमाने आकारास आली. वाचलेल्या माणसाचे कथन हे पुरावा म्हणून जेव्हा ग्राह्य धरले गेले, तेव्हाच तिची प्रगती झाली; आणि आधारास जेव्हा दुसरे प्रयोजन जोडले गेले, तेव्हा तो अपुरा पडला किंवा मौनाचे कारण झाला.

इतिहासाच्या अभ्यासकांस यातून एक कार्यही सुचते. ज्यांनी परळची वारी केली आणि जे परत आपल्या गावी जाऊन जगले, त्यांच्या पुढील वर्षांची हकीकत मराठीत अद्याप फार थोडी नोंदली गेली आहे. ती माणसे आज आपल्या गावांत, वाड्यांत, चाळींत आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवणे हे मौखिक इतिहासाचे काम आहे व ते विद्यापीठांच्या आवाक्यातील आहे. फॅनी बर्नीला आपली हकीकत लिहून पाठविण्यासाठी एक बहीण होती. ज्यांना तसे कोणी लाभले नाही, त्यांची हकीकत ऐकून घेतल्यास इतिहासाला साधन मिळेल, आणि सांगणाऱ्यालाही आपले कोणी ऐकले असे वाटेल.